शेजारची काच

ऐन थंडीत आमच्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला, तेव्हा दादाला उलट बरंच वाटलं. हिवाळ्यात एसी हवाय कुणाला, म्हणाला. मेकॅनिकने आखूड पट्टा बसवून कॉम्प्रेसर वगळला. हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो, तो चालेल. पण काचेवर सोडायची हवा कॉम्प्रेसरच कोरडी करतो, तेव्हा आता काच तुमच्या श्वासाची वाफ धरणार, फडकं जवळ ठेवा, असं त्याने सांगितलं.

फर्निचरचा कारखाना आम्हा दोघा भावांचा. रोज सकाळी गाडी मी चालवायची, दादाने शेजारी बसून चुका काढायच्या. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. माझी पन्नाशी उलटली, तरी स्वतःच्या कारखान्याचं कुलूप मी एकदाही उघडलेलं नव्हतं. तो आहे तोवर उघडणारही नव्हतो. म्हणून तो लवकर जावा असं मला वाटायचं, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

एकदा दादाला ताप होता, म्हणून आमचा हिशेबनीस शेजारी बसला. माझ्यापुढची काच धुरकट आणि त्याच्यापुढची मात्र नुकती धुतल्यासारखी. मला बरंच वाटलं, निदान अर्धा रस्ता तरी दिसला. दुपारी हिशेबनीस खुर्चीत बसल्या बसल्याच गेला.

मग आत्या. तिला स्टेशनवर सोडायला निघालो. तिच्या तोंडाचा पट्टा वाटभर सुरू होता, पण काचेवर वाफेचा ठिपका नाही. तिची गाडी तिच्या गावी पोचली, ती पोचली नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. दोघांच्या कोरड्या काचेचं मी दादालाही हसण्यावारी सांगितलं होतं. तिकडे गरम वारा जास्त येत असेल म्हणून मी दोन्हीकडे हात धरून पाहिला. वारा सारखाच होता. दादा शेजारी बसला की काच पुन्हा दुधासारखी पांढरी. त्याला दमा, श्वास भात्यासारखा. मी आधी त्याची बाजू पुसायचो आणि ती पुन्हा धरते का, ते बघत राहायचो. रोज धरायची.

आज सकाळी धरली नाही.

दादा मफलर नाकापर्यंत ओढून बसला होता. मी त्याच्या बाजूची काच पुसली. ती तशीच राहिली. पुढचं वळण गेलं, पूल गेला, तरी स्वच्छ. मला आनंद झाला. इतका, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी ओठ चावले. मग गोड आवाजात विचारलं, "दादा, बरं वाटतंय ना?"

त्याने मफलर खाली ओढला आणि लांब श्वास सोडला. काच पांढरी झाली.

"मफलरात श्वास सोडत होतो," तो म्हणाला. "महिनाभर माझ्या काचेकडे बघतोयस. म्हटलं, एकदा तुझं तोंड बघावं."

तो हसला. खोकत खोकत हसला. मग हसणं मध्येच थांबलं.

तो माझ्यापुढे बघत होता.

सकाळपासून मी माझी बाजू पुसलीच नव्हती. पुसायची गरजच पडली नव्हती.

मी गाडी कडेला घेतली. पुढे वाकून काचेवर श्वास सोडला, चष्मा पुसताना सोडतात तसा. पुन्हा सोडला. हीटर बंद करून सोडला.

काच कोरडी.

दादाने दार उघडलं. गुडघ्यांमुळे त्याला फाटकापर्यंत चालणंही जड जातं, पण तो उतरला. कमरेचा जुडगा सोडून त्याने माझ्या मांडीवर ठेवला.

"घे," तो म्हणाला. "आज तूच उघड. किल्ल्या परत न्यायला दुपारनंतर माणूस पाठवतो."