वॉच बदलताना

"कांदे-बटाटे एका जाळीत नका ठेवू. दोन्ही कुजतील."

कोचीच्या धक्क्यावर, भर उन्हात, मराठी! मी वर पाहिलं. होडीच्या कठड्यावरून पाय सोडून बसलेला, नाकावर पांढरं मलम थापलेला एक मुलगा माझ्या पिशव्या न्याहाळत होता.

"तुम्ही कुठले?"

"पनवेलचा. सिनेगॉगच्या मागे घर. तुम्ही?"

"मी... वडाळे तलावाजवळ."

"म्हणजे चालत जाण्याएवढं," तो हसला. "आणि भेटायला केरळात यावं लागलं."

इथन त्याचं नाव. त्याचे अब्राहम मामा जहाजावरून निवृत्त झालेले; कुणाची तरी शिडाची होडी सेशेल्सला पोहोचवायला निघाले होते. त्यांना तिसरा माणूस हवा होता आणि मुंबई बंदरात रविवारी-रविवारी शीड ओढायला शिकलेली मी, आभा, बँकेतून बिनपगारी रजा काढून आले होते. सेशेल्सहून मी परत पनवेलला. इथन मात्र तिथूनच इस्रायलला, हैफात राहणाऱ्या आईवडिलांकडे – कायमचा. पनवेलचं घरही विकायला काढलेलं. हे त्याने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं. बरं झालं, मी स्वतःशी म्हटलं, मन आवरायला सोपं...

समुद्रावर आम्ही तिघं होतो, आणि तरी प्रत्येक जण एकटा. एक सुकाणूवर, बाकीचे झोपलेले. कुकर दोरीने बांधून भात लावायचा, मिठाऐवजी पेलाभर समुद्र घालायचा, खाऱ्या पाण्यात भांडी घासायची, डेकवर येऊन पडलेले उडते मासे गोळा करायचे. मामांचा झोपायचा बंक पुढे. मागचा कोरडा बंक एकच, इथनचा आणि माझा, पाळीपाळीने. तो उठला की मी आडवी व्हायचे. उशी अजून कोमट असायची.

भेट व्हायची ती पहाटे, वॉच म्हणजे सुकाणूवरची पाळी बदलताना. तो चहाचा मग माझ्या हातात द्यायचा, बोटं जराशी रेंगाळायची. "वारा मागून आहे. शीड पलटू देऊ नकोस." आणि खाली जायचा. बस्स, तेवढंच.

मग मी लाटांच्या तालावर गुणगुणायचे –

निळ्या पाण्याच्या शेतात वारा नांगर धरितो,
माझ्या डोळ्यांतली नीज कोण चोरून नेतो...

"चोर खाली झोपलाय," आतून आवाज यायचा. "त्याला झोपू दे."

एक दिवस जाग आली तेव्हा ऊन थेट पायांवर आलं होतं. इथनने मला उठवलंच नव्हतं. माझा वॉचही त्यानेच केला होता. मला शरमल्यासारखं झालं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याला उठवलं नाही. मग त्याने मला. मग मी त्याला...

व्हायचं तेच झालं. एका सकाळी सुकाणूवर त्याचा डोळा लागला. होडी वळली, शीड धाडकन पलटलं, त्याचा आडवा दांडा इथनच्या डोक्यावरून सणसणत गेला. मी धावत वर आले. मागोमाग मामा, लुंगी सावरत.

"हा हिला झोपू देतो, ही ह्याला. होडी कोण चालवतं, मासे?" मामांनी दोघांकडे पाहिलं, सुस्कारा सोडला. "माझी बहीण मला इथेच बुडवील," म्हणाले आणि खाली गेले.

मी सुकाणू धरलं. "का उठवत नाहीस मला?"

तो दोरी गुंडाळत राहिला.

"उठवलं की तू वर येतेस... मला खाली जावं लागतं." दोरी संपली, तरी मान वर नाही. "इथे बसलं की दारातून तुझा चेहरा दिसतो."

मी होडी पुन्हा मार्गाला लावली. बोलले असते, तर 'जाऊ नकोस' एवढंच निघालं असतं. आईबापांकडे निघालेल्या मुलाला ते कसं म्हणायचं?

विषुववृत्ताशी वारा पडला, पुन्हा सुटला. आणि एका दुपारी क्षितिजावर डोंगराची हिरवी रेघ उमटली.

इथनने पोहे भिजवले. नारळ खवला, साखर, वेलची, उरलेले खजूर, सुरकुतलेलं एक सफरचंद. मलिदा. त्याच्या घरी कुठल्याही मोठ्या गोष्टीला करतात, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने. मामांनी टोपी घालून प्रार्थना म्हटली, ताट आमच्यामध्ये ठेवलं.

"हा सुखरूप पोहोचल्याचा का?" मी विचारलं.

"पोहोचल्यावर करतात. देश सोडून जाताना करतात." इथन थांबला. "लग्नाआधीही करतात."

"मग हा कुठला?"

"तू सांग."

मी घास हातात घेतला. समुद्र चमकत होता, डोळ्यांत पाणी त्यामुळेच असावं...

"आईला भेटून ये," मी म्हटलं. "पण घर विकू नकोस."

मामा अचानक डोंगराकडे फार लक्ष देऊन पाहू लागले.

बेट जवळ आलं, तसा इथनच्या फोनला आवाज फुटला. त्याने हैफाला फोन लावला. "आई, पोहोचलोच. हो, मामा बरे आहेत. केला, मलिदा केला... येतोय ना, भेटायला येतोय. भेटायला, आई. घर नाही विकायचं. का म्हणजे... थांब, देतो."

आणि त्याने फोन माझ्या हातात ठेवला. हात तसाच राहू दिला, माझ्या हातावर.

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारलं.

मी घसा साफ केला.

"नमस्कार, मावशी. मी आभा, पनवेलहून."