अकरावं 'न्हाय'

अखेर अकरा वर्षांनी बयाबाई माहेरी, चंदगडला निघाल्या... तेही नवऱ्यासोबत, खिडकीच्या सीटवर! पण हे अजून घडलंच नाही असं समजू आणि आदल्या सकाळपासून सुरुवात करू.

तांबड्या रश्श्याला उकळी फुटली होती. निवृत्त कारकून कृष्णातराव उंबऱ्यात एक पाय चपलेत घालून उभे होते; अख्ख्या शिवाजी पेठेचे अर्ज तेच लिहीत. दर मे महिन्याप्रमाणे त्यांनी विचारलं, "काय गं, यंदाबी चंदगडला जायचं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

अकरावं न्हाय! अंतःकरणातून उठलेला हुंदका बयाबाईंनी वाटणाबरोबर रश्श्यात ढकलला. मे महिन्यात त्यांचा रस्सा जरा खारटच होई.

कांदा चिरता चिरता सून निशिगंधा म्हणाली, "आत्ती, चंदगडला मेमध्ये काय काय असतंय?"

साधा प्रश्न... पण त्याला व्हय म्हणता येईना, न्हायही म्हणता येईना! बयाबाईंनी तोंड उघडलं... काजूच्या बोंडांचा तो वास, फणस, आणि धाकटी बहीण तानाबाई, जी अजून पहिलं पिकलेलं बोंड अक्कासाठी बाजूला ठेवते आणि सडल्यावरच टाकते... रस्सा आटला, त्याचं सुकं झालं, सुक्याचा कोळसा झाला. निशिगंधानं हळूच गॅस बंद केला. उंबऱ्यातल्या पायाला मुंग्या आल्या.

"मला वाटलं, तुला जायाचंच न्हाय!" कृष्णातराव म्हणाले.

"तुम्ही कवा इचारलासा?"

"दरसाली इचारतोय की!"

"तुम्ही उत्तर सांगतायसा... माझी नुसती सही!"

कृष्णातरावांचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा ते मोकळा प्रश्न विचारू लागले. "बये, तुला... कसं... कवा... का..." सगळे शब्द एकदम दारात अडकले. शेवटी एकच सुटला, "मग?"

"मग काय?"

"मग... पुढं सांग की गं!"

दुसऱ्या दिवशी एसटीनं वाटेतलं गडहिंग्लज गाठलं, तरी सांगता सांगता बयाबाई अजून परकरातच होत्या, वय वर्षे सात. त्यांचा हात न सोडता कृष्णातरावांनी गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं :

'मा. आगार व्यवस्थापक यांस,
विषय : चंदगड पुढे सरकविणेबाबत.
महोदय, माझी पत्नी सौ. बयाबाई यांचे बोलणे गेली अकरा वर्षे माझ्याकडे प्रलंबित आहे. सबब ते पूर्ण होईपर्यंत चंदगड गाव आवश्यक तेवढे पुढे सरकविण्यात यावे, ही नम्र विनंती.'