गोल कुणीच मारेना

तो आत आला तो पावसाला कंटाळून. पाऊस तरी कसला! कायाओ बंदरातला हिवाळी पाऊस पडतो म्हणावं तर पडत नाही, थांबला म्हणावं तर तासाभरात बाह्या ओल्या. गारुआ म्हणतात त्याला. योवानाचा त्या गारुआवर भारी राग. तिकडचा हिवाळा जूनमध्ये सुरू होतो; तेव्हा एकदा मुक्कामाला आला की ऑक्टोबरपर्यंत हलायचं नाव नाही, आणि तेवढे महिने आकाशाला रंग नाही. त्यात त्या वर्षी मासेमारीवर लांबलेली बंदी. मासळीचं पीठ करणारे कारखाने गप्प पडलेले, त्यामुळे बंदराची हवा अगदी स्वच्छ. आणि हवा स्वच्छ असली की कायाओत सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात.

फर्मिनमामाच्या दुकानात व्हिडिओ खेळांची सहा यंत्रं होती आणि काउंटरवर टोकनं द्यायला त्याची भाची, बावीस वर्षांची योवाना. त्या उंच माणसाने केस झटकले, एक टोकन घेतलं आणि कोपऱ्यातल्या यंत्रासमोर एकटाच खेळत उभा राहिला. यंत्राशीच खेळला. नऊ-शून्यने जिंकला. जिंकूनही तसाच उभा.

"नऊ-शून्य!" योवाना काउंटरवरून म्हणाली. "आणि चेहरा असा, जसं काही मयतीहून आलात."

"यंत्राला हरवण्यात काय मजा?" तो न वळताच बोलला. "ते चिडत नाही."

"मग माणसाला हरवून बघा."

"कुठंय माणूस?"

योवानाने काउंटरची फळी वर केली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याच्या जॅकेटला समुद्राचा वास होता. तो वास तिच्या ओळखीचा होता, आणि ती उगाचच दोन बोटं लांब सरकली.

त्या यंत्राला सगळे नुसतं 'गल्ली' म्हणत. शेजारच्या मोठ्या यंत्रात खरं मैदान होतं, अकरा-अकरा खेळाडू, आठ बटणं. तो खेळ शिकावा लागे, आणि शिकेपर्यंत टोकनं संपत. गल्लीत काही शिकायचंच नव्हतं. तीन-तीन पोरं, दोन्ही बाजूंना भिंती, रंगाच्या रिकाम्या डब्यांचे गोल. एक दांडा आणि दोन बटणं — एक लाथेचं, एक धक्क्याचं. चेंडू बाहेर जातच नसे, भिंत तो परत देई. मधूनच एक कुत्रं आडवं पळे. चेंडू वरच्या खिडकीवर आदळला की एक म्हातारी बादलीभर पाणी ओतायची आणि खाली असेल तो धाडकन घसरून पडायचा. ज्याने लहानपणी दोन दगड मांडून चेंडू लाथाडलाय, त्याची बोटं पहिल्या मिनिटालाच आपोआप चालायला लागत.

"अहो, धक्का दिलात मला!" तो ओरडला.

"मग? बटण कशाला दिलंय?"

"रेफरी—"

"गल्लीत कधी रेफरी बघितलाय?"

इतक्यात म्हातारीने त्याच्यावर बादली रिकामी केली. तो पडला, योवानाने गोल मारला, आणि तो हसला. चांगला खळखळून हसला. सहा-दोन असा सणसणीत हरून एवढा खूश झालेला माणूस योवानाने पाहिला नव्हता.

त्याचं नाव विल्डर चुंगा. मूळचा उत्तरेकडच्या पैताचा, एका मासेमारी बोटीवर जाळं ओढायचं काम. बंदी असल्यामुळे दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो खलाशी संघाच्या कचेरीत यायचा, कुठल्या बोटीला माणसं हवीत त्याची यादी बघायचा आणि नाव नाही हे पाहून परत फिरायचा. कचेरी समोरच्याच चौकात. आता परत फिरताना तो आधी मामाच्या दुकानात येऊ लागला. दोन हातांत दोन ग्लास, जवाचं गरम गरम एमोलिएन्ते, लिंबू पिळलेलं. दुसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी केलं, ते दोघांनाही आठवलं नसतं.

"खलाशी आणि पोहता येत नाही?" योवानाचा विश्वासच बसेना.

"नाही येत. म्हणून तर बोट बुडू नये याची मी सगळ्यांत जास्त काळजी घेतो."

"आणि हे बोटीच्या मालकाला माहितीये?"

"मालकाला कुठं पोहता येतं!"

तिसऱ्या आठवड्यात एक गंमत घडली. गल्लीतला एक नियम कायाओतल्या प्रत्येक पोराला पाठ असतो. अंधार पडायला लागला, किंवा कुणाची आई जेवायला हाका मारू लागली, की एक जण ओरडतो — जो गोल मारेल तो जिंकला! मग आधीचे सगळे गोल विसरायचे. यंत्र बनवणारा बहुधा अशाच एखाद्या गल्लीत वाढला असावा. कारण बरोबरी झाली की घड्याळ थांबायचं आणि पडद्यावर तेच वाक्य लुकलुकायचं. कुणीतरी गोल मारेपर्यंत खेळ संपायचाच नाही.

त्या दिवशी चार-चार झाले. घड्याळ थांबलं. चेंडू योवानाकडे होता.

"तुझे वडील काय करायचे?" विल्डरने सहज विचारलं.

ती सांगू लागली. बोलता बोलता चेंडू भिंतीवर मारत राहिली, भिंत तो परत देत राहिली. वडीलही जाळंच ओढायचे. सात वर्षांपूर्वी अशीच लांबलेली बंदी आली. पहिल्या महिन्यात ते घराची डागडुजी करत होते. दुसऱ्यात खिडकीशी खुर्ची टाकून बसले. तिसऱ्यात दाढी करायचे थांबले. पुढे छातीचं दुखणं नुसतं निमित्त झालं. "समुद्र नव्हता ना रे," ती म्हणाली. "माणूस घरात बसून वाळत गेला, आणि मी रोज त्यांना कॉफी नेऊन देत होते."

विल्डरने चेंडू अलगद काढून घेतला आणि तोही भिंतीवर मारत बसला. गोल समोर उघडा होता...

"मार की," ती हळूच म्हणाली.

"घाई आहे तुला?"

"मला कसली घाई?"

"मग मलाही नाही."

त्यानंतर हे ठरूनच गेलं, न ठरवता. आधी हाणामारी करून खेळायचं, धक्के द्यायचे, एकमेकांवर म्हातारी घालायची, ओरडायचं. मग कसंबसं बरोबरीत आणायचं. आणि बरोबरी झाली की गोल कुणीच मारायचं नाही. एका टोकनात पाऊण तास, कधी तासही. पडद्यावरची पोरं बिचारी चेंडू टोलवत राहत आणि ही दोघं खांद्याला खांदा लावून पडद्याकडे बघत बोलत राहत. एकमेकांकडे बघायचं नसलं की किती बोलता येतं! कधी दांड्यावरून हात घसरे, त्याच्या करंगळीला तिची करंगळी लागे, आणि दोघंही ती काढून घ्यायला जरा उशीर करत.

"एका टोकनात अख्खी दुपार," फर्मिनमामा कुरकुरला. "लग्न तरी करा, म्हणजे यंत्र मोकळं होईल."

योवानाचे कान तापले. विल्डर काय म्हणतो याकडे तिचा जीव लागून राहिला. विल्डर म्हणाला, "मामा, कुत्रं आडवं आलं बघा," आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

अशी सहाव्या आठवड्यापर्यंत दुपार लांबत गेली.

सातव्या आठवड्यातल्या मंगळवारी तो आला तेव्हा हातात एमोलिएन्ते नव्हतं. पाठीवर पिशवी होती.

"दक्षिणेला बंदी उठली," तो म्हणाला. "तिकडे इलो बंदरात माणसं हवी आहेत. आठ महिने."

"तू... जाणार?"

"ठरवायचंय अजून." त्याने टोकन टाकलं. "खेळतेस?"

नेहमीसारखी मजा आली नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी धक्का दिला नाही. दोन-दोन झाले, घड्याळ थांबलं आणि विल्डर पडद्याकडेच बघत म्हणाला, "आज खरंच खेळू या. तू गोल मारलास तर मी राहतो. मी मारला तर मी जातो... आणि तू माझ्याबरोबर येतेस."

थट्टा असावी म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याच्या जबड्याची शीर उडत होती.

चेंडू तिच्याकडे होता. त्याचे तिन्ही खेळाडू मागे उभे, गोल सताड उघडा. एक लाथ मारली की तो राहणार होता, तिच्या शहरात, तिच्या शेजारी. मग मंगळवारी यादी बघणार, शुक्रवारी यादी बघणार. पहिल्या महिन्यात डागडुजी, दुसऱ्या महिन्यात खिडकीशी खुर्ची... नको. तिला तो हवा होता, पण असा नको होता.

तिने दांडा उलटा फिरवला. आपल्या खेळाडूला मागे, थेट आपल्याच डब्यांपर्यंत नेलं आणि चेंडू स्वतःच्याच गोलात घातला.

पडद्यावर विल्डरची पोरं नाचू लागली. योवानाच्या ओठांवर हसू होतं. "घे. जिंकलास. कधी निघायचं?"

विल्डरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"योवाना... हे तू काय केलंस?"

"म्हणजे?"

"मी शनिवारीच सही केलीये." तो म्हणाला. "बोट आज पाच वाजता सुटते. तू गोल मारला असतास तरी मला थांबता आलं नसतं. आणि न्यायचं म्हटलं तर... आम्ही बोटीवरच झोपतो गं, अकरा पुरुष. तुला कुठं नेऊ?"

"मग पैज कशाला लावलीस?"

"मला एकदा बघायचं होतं — मी राहावं असं तुला वाटतं का. तेवढंच घेऊन जाणार होतो."

"खोटी पैज लावलीस तू!" तिने दोन्ही हातांनी त्याला ढकललं, बटण न दाबता, खरोखरीचं. "शनिवारी सही केलीस आणि मला विचारलं नाहीस? का?"

"कारण चार आठवडे तू गोल मारत नव्हतीस! मला वाटलं, तुला नुसता वेळ घालवायचाय. हवंय असंही नाही, नकोय असंही नाही. आलेल्या माणसाशी गोड बोलायचं, बस्स."

"अरे देवा!" ती मटकन स्टुलावर बसली. "आणि मला वाटत होतं, तू मारत नाहीस म्हणजे तुला इथंच राहायचंय. मी तर... मी मनात पडदेसुद्धा लावून ठेवले होते रे. खोली बघून ठेवली होती."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस सगळं पडद्याकडे बघून बोलले होते. हे एक मात्र पडद्याकडे बघूनही बोलले नव्हते. गोल समोर उघडा होता आणि दोघंही समजूतदारपणे चेंडू भिंतीवर मारत बसले होते.

चार वाजत आले होते. विल्डरने पिशवी उचलली आणि तो बाहेर पडला.

योवाना बसून राहिली. मामाने काउंटरमागून घसा खाकरला. "टोकनं मी देतो, पोरी," तो म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "बंदराकडे जाणारी कोंबी अजून भरली नसेल."

ती धावली. चौकात ती छोटी बस, कोंबी, निघतच होती आणि कंडक्टर दारात लोंबकळून "आत सरका, जागा आहे, जागा आहे!" असं ओरडत होता. मुंगीला शिरायला जागा नव्हती. योवाना शिरली. विल्डर मागे वाकून उभा होता, डोकं टपाला टेकलेलं. ती लोकांचे कोपर आणि भाजीच्या पिशव्या बाजूला सारत त्याच्यापर्यंत पोचली.

"ऐक," ती धापा टाकत म्हणाली. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. आता उपयोग नाही, माहितीये मला. पण आहे."

शेजारच्या बाईने मान वळवली. विल्डरचे डोळे भरून आले.

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "तू मला सहा-दोनने हरवलंस तेव्हापासून. मी मूर्ख आहे, योवाना."

"आहेसच."

"सही मोडता येत नाही. माझ्या जागी दुसरा मिळणार नाही, बोट अडून राहील."

"मोड म्हटलंय का मी? जा तू. पण घाबरून गप्प बसू नकोस परत. पत्रात भिंतीवर चेंडू मारलेला मला चालायचा नाही. जे असेल ते सरळ लिहायचं. आठवण आली तर आली म्हणायचं. दुसरी कुणी भेटली तर—"

"भेटणार नाही."

"—तर तेही लिहायचं."

कंडक्टर ओरडला, कोंबीने वळण घेतलं, ती त्याच्या अंगावर गेली आणि तशीच राहिली. वीस मिनिटांचा रस्ता. सहा आठवड्यांत बोलले नव्हते ते सगळं त्यात बसेना. शेवटी शेवटी तिने नुसती त्याची ओली बाही मुठीत धरून ठेवली.

बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्याचा कागद पाहिला आणि हाताने तिला अडवलं. "फक्त खलाशी, बाई."

विल्डरने तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. ओठांवर गारुआची चव होती, थोडी खारट. मग तो गेला. दहा पावलांवर पांढुरका झाला, वीस पावलांवर दिसेनासा.

ती फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. धक्का दिसत नव्हता, बोटी दिसत नव्हत्या, समुद्र तर नव्हताच कुठे. नुसतं ओलं, करडं धुकं. पाच वाजले तसा आतून एक भोंगा वाजला. ती टाचा उंचावून हात हलवू लागली. तेवढ्यात दुसरीकडून दुसरा वाजला, मग आणखी लांबून तिसरा.

"यातली इलोची कुठली?" तिने पहारेकऱ्याला विचारलं.

"काय सांगावं, बाई. आज सगळ्याच दक्षिणेला निघाल्यात."

तिने डोळे पुसले आणि वाजेल त्या प्रत्येक भोंग्याला हात हलवत राहिली.