कागदाच्या कोपऱ्यातला गोल

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. भर दुपारी सव्वा वाजता, आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर हे घडलं. मंगळवार होता. वहिनीला जाऊन अकरा दिवस झाले होते.

मी ईसीजी काढते. अठरा वर्षं झाली. छातीवर सहा रबरी फुगे, हातापायांना चार चिमटे आणि मशीनमधून सरकत येणारी कागदाची पट्टी. बायकांचा ईसीजी बाईनेच काढायचा असा आमच्याकडे नियम, आणि बाई मी एकटीच. पुरुषांसाठी तिघं जण, समोरच्या खोलीत. त्यामुळे पुरुष आला की लगेच आत. बाई आली की माझे हात रिकामे होईपर्यंत बाहेर बाकावर.

त्यात तो गोल.

तातडीच्या विभागातले डॉक्टर काही कागदांच्या कोपऱ्यात पेनने छोटा गोल काढायचे. गोल म्हणजे घाई नाही. गॅस असेल, टेन्शन असेल, घरी काही बिनसलं असेल. अठरा वर्षांत पुरुषाच्या कागदावर गोल मी चार-पाचदा पाहिला असेल. बायकांच्या कागदावर रोज. मला कधी खटकलं नाही. खोटं कशाला बोलू, 'आल्या नाटकं करायला' असं मीही म्हणायचे.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. आमची नणंद-भावजयीची थट्टामस्करी रोजची. ती मला चिमणी म्हणायची, कारण मी खाते कमी आणि चिवचिव जास्त करते. आई गेली तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर माझ्या वेण्या तिनेच घातल्या.

त्या शुक्रवारी ती एकटीच बसने आली. जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, घाम फुटला होता. डॉक्टरांनी तिला विचारलं, घरी काही झालंय का. ती भोळी. म्हणाली, मुलीची परीक्षा आहे, जरा काळजी वाटते. झालं. कोपऱ्यात गोल.

तो कागद तिने माझ्या हातात दिला तेव्हा एक वाजून गेला होता. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी गोल पाहिला.

"वहिनी, बस जरा. दोन घास खाऊन घेते."

ती हसली. "खा बाई. तू खातेस हेच नवल."

मी दार लावून ईसीजीच्या खोलीतच डबा उघडला.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. मी म्हटलं, आलेच.

पुन्हा टकटक झाली. मी भरल्या तोंडाने ओरडले, "अगं, गिळू दे की."

तिसरी टकटक झालीच नाही.

मी दार उघडलं तेव्हा ती बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. कागद मांडीवर होता. मला वाटलं, डोळा लागला असेल.

संध्याकाळी दादाने एकच विचारलं. "ईसीजी काढला होतास ना?"

मी म्हटलं, हो. चांगला होता. मग अचानकच झालं सगळं.

"तू जवळ होतीस," तो म्हणाला, "तेवढंच समाधान."

आता त्या मंगळवारचं सांगते.

सव्वा वाजला होता. मी त्याच खोलीत बसले होते. डबा उघडायचं धाडस होत नव्हतं. मशीन बंद होतं. भिंतीवरचं बटणही बंद होतं.

आणि दारावर...

टकटक.

मी उठून दार उघडलं. बाहेर कोणीच नव्हतं. बाक रिकामा होता. मी दार लावून घेतलं, आणि बाहेर बाक करकरला... कोणी टेकल्यावर करकरतो तसा.

पुन्हा टकटक.

या वेळी मी उठले नाही. मी तिसऱ्या टकटकीची वाट पाहत राहिले. कान फुटतील इतकी शांतता होती. समोरच्या खोलीतले आवाजही थांबले होते.

तिसरी झालीच नाही.

आणि माझ्या मागे... मशीन सुरू झालं.

कागदाची पट्टी सरकत बाहेर येत होती. पलंगावर कोणी नव्हतं. पण मी सकाळी ताणून घातलेली चादर मधोमध दबली होती. पुसून ठेवलेले सहाही फुगे जेलीने ओले होते.

पट्टी फाडून मी जिन्याने वर धावले. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी ती हातात घेतली आणि ते खुर्चीतून उठलेच.

"कुठे आहे पेशंट? आत्ताच्या आत्ता वर आणा. अजून वेळ आहे, वाचेल."

पट्टीवर नाव नव्हतं. बाई की पुरुष, तेही नव्हतं. म्हणूनच तर ते उठले, हे मला तिथेच कळलं आणि माझा हुंदका फुटला.

मी कसंबसं म्हटलं, जुनी पट्टी आहे. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. आजची तारीख. दुपारचा सव्वा.

"बाहेर ताटकळत ठेवलंय का कोणाला?"

मी पट्टी उचलून जिना उतरले.

पुढचे नऊ दिवस हेच झालं. दोनदा टकटक. मग शांतता. मग पट्टी. प्रत्येक पट्टीवर त्या दिवसाची तारीख आणि प्रत्येक पट्टी सांगायची, अजून वेळ आहे.

दहाव्या दिवशी मी दादाकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. डबा, गोल, माझं खोटं. वाटलं, तो मला घराबाहेर काढेल.



"सकाळपासून सांगत होती," तो म्हणाला. "मीच म्हटलं, तुझं रोजचंच असतं काहीतरी."

भाऊ-बहीण आम्ही लहान मुलांसारखे रडलो.

दुसऱ्या दिवसापासून सगळं थांबलं. टकटक नाही, पट्टी नाही. आता गोल असलेला कागद मी सगळ्यात आधी घेते. डॉक्टर चिडतात. चिडू देत.

लोक म्हणतात, तू खरं बोललीस, तिला शांती मिळाली. असेलही. पण सव्वा वाजला की मी दार सताड उघडं ठेवते, पलंगावर चादर ताणते आणि हातातलं सगळं टाकून उभी राहते.

कोणी येत नाही.

वहिनीने मला माफ केलं, की माझी वाट बघून ती याही वेळी थकली... मला अजून कळलेलं नाही.