उतारा नसलेला जंतू

"उतारा कुठे आहे?" डॉ. फिरोज मुजावरांनी विचारलं.

"केलेला नाही. करणारही नाही," डॉ. वैजयंती ढवळीकर काचपेटीचं झाकण लावत म्हणाल्या.

मिरजेच्या त्या जैव-अभियांत्रिकी प्रयोगशाळेत एक नियम होता. नवा जंतू घडवायचा तर त्याला मारणारा उतारा आधी तयार हवा. बारा वर्षं हा नियम वैजयंतीबाईंनीच सगळ्यांना पाठ करायला लावला होता. आता त्यांनीच तो गुंडाळून ठेवला होता.

"काम काय करतो हा?"

"तोंडात राहतो. उष्ट्यातून पसरतो. एरवी गप्प पडून असतो, दही लावणाऱ्या जंतूइतका निरुपद्रवी. पण काढ्यातला रेणू तोंडात आला की जागा होतो आणि जिभेच्या स्वादकलिकांमध्ये स्वतःची जनुकं घुसवतो. पुढे पाणी प्या, साखर खा, आईच्या हातचं जेवा, सगळं कडू. मरेपर्यंत. मी त्याला कटुजीवी म्हणते."

काढा म्हणजे शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं नाव. कृत्रिमरीत्या बनवलेल्या अफूसारख्या रेणूचं ते लालसर औषध खोकल्याच्या बाटलीतून नववी ते बारावीच्या दप्तरांत फिरत होतं. दारू त्यापुढे बाळबोध वाटावी असं. वैजयंतीबाईंचा मुलगा निहार याला त्याचं व्यसन लागलं; अकरावीच्या सहलीत तो काढा जास्त प्यायला आणि बसमध्येच त्याचा श्वास थांबला. डॉक्टरांनी ओढून आणला, पण पोरगं निम्मं उरलं होतं. शाळेने "सहलीत अन्न बाधलं" म्हणून प्रकरण मिटवलं. ज्याने बाटली दिली त्या बारावीतल्या प्रणील शेटेला त्याच महिन्यात आदर्श विद्यार्थी म्हणून ढाल मिळाली. वैजयंतीबाई त्या समारंभाला गेल्या होत्या. टाळ्याही वाजवल्या.

"ताई, जंतूला गुन्हा कळत नाही," मुजावर म्हणाले. "त्याला फक्त रेणू कळतो. पहिल्यांदाच घोट घेणारी एखादी नववीतली पोर असेल. तिलाही जन्मठेप?"

"मग तिने घोट घेऊ नये."

"निदान उतारा तरी—"

"मुजावर, उतारा असलेल्या शिक्षेला शिक्षा म्हणतात का? निहारला आहे उतारा? तुमच्या घरात झालं असतं तर विचारलं असतं मी तुम्हाला."

मुजावरांनी तेव्हा आणखी बोलायला हवं होतं, पण मुलाच्या आईशी वाद घालायला मोठी छाती लागते.

कटुजीवी वैजयंतीबाईंनी आधी स्वतःच्या जिभेवर घेतला. त्यांना भीती नव्हती. त्या काढा पीत नव्हत्या.

प्रणील आपल्या पायांनीच घरी आला. तो अधूनमधून यायचाच, चांगुलपणाचा देखावा त्याला छान जमायचा.

"काकू, निहार कसा आहे हो? आम्ही सगळे मिस करतो त्याला."

"बस ना रे. सरबत घेतोस? कोकमाचं आहे."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पेला तोंडाला लावला, सावकाश एक घोट घेतला, कड पुसली आणि तोच पेला बाहेर आणून दिला. पाहुण्याला उष्टं पाजायचं नसतं हे त्यांना आजीने शिकवलं होतं. आज ते मोडताना त्यांना इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

प्रणीलची धंद्याची एक रीत होती. नव्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून पहिला घोट तो स्वतः घ्यायचा आणि मग बाटली फिरवायचा. त्या शनिवारी शाळेच्या मैदानामागे बाटली फिरली.

पुढच्या आठवड्यात सगळ्या शाळेत बोभाटा झाला. प्रणील जेवेना. आईने लाडू केले, ते थुंकले. डॉक्टर थकले. त्याच्याबरोबरच्या टोळक्याची तीच गत, आणि त्यांत नववीतली एक मुलगी होतीच. मुजावरांनी तिचं नाव सांगितलं तेव्हा वैजयंतीबाई "हं" एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांना निहारची आठवण झाली. आठवण म्हणजे, भेटायला जावंसं वाटलं. त्याला ठेवलेल्या व्यसनमुक्ती केंद्राकडे त्या चार महिने फिरकल्याच नव्हत्या. नवरा, हेमंत, जायचा, कागदांवर सह्या करायचा, घरी येऊन उपचारांचं सांगू लागायचा आणि त्या म्हणायच्या, "ते तू बघ. मला काम आहे."

त्यांनी नारळाच्या वड्या केल्या आणि डबा घेऊन निघाल्या.

निहार व्हरांड्यात बसला होता. गालांवर थोडं मांस आलं होतं.

"आई! वड्या? काल मी स्वतःहून दुसरी पोळी मागितली, बाबांनी सांगितलं का? इतके दिवस जेवणच जात नव्हतं. ही मंडळी म्हणतात, खायची इच्छा परत आली म्हणजे पोरगा वाचला."

वैजयंतीबाईंचे डोळे भरून आले. लहानपणी त्याच्या तोंडात अख्खी वडी मावायची नाही, म्हणून त्या दातांनी अर्धी तोडायच्या आणि उरलेली त्याला भरवायच्या. सवयच ती. सतरा वर्षांच्या घोड्यालाही त्यांनी तशीच भरवली. तो हसत हसत चार वड्या खाऊन गेला. मायलेक बराच वेळ बोलत बसले. प्रणीलचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "फिटलं सगळं."

संध्याकाळी परिचारिका छोटी वाटी घेऊन आली. निहारने ती एका घोटात संपवली. वाटीच्या तळाशी लालसर थेंब राहिला.

"हे काय आहे?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"त्याचाच डोस, मॅडम. एकदम तोडलं तर जीव जाईल. म्हणून तेच औषध रोज थोडं कमी करत द्यायचं. सरांनी सही केलीय ना? आता महिनाभरच राहिलाय."

वैजयंतीबाई उठल्या. पुन्हा बसल्या. आता उतारा हवा होता, आणि तो त्यांनी केलेलाच नव्हता.

"औषध घाण लागतं," निहार म्हणाला. "एक वडी दे ना वरून."

त्यांनी डबा मागे सरकवला. त्यानेच डब्यातली घेतली, अर्धी तोडली, आणि चावता चावता थांबला.

"आई, ही खवट आहे का गं?" त्याने तोंडातलं हातावर काढलं. मग दुसरी वडी चाखली. मग पाणी. त्याचा चेहरा हळूहळू लहान मुलासारखा झाला. "पाणी पण कडू लागतंय."

त्याने खाली ठेवलेली अर्धी वडी वैजयंतीबाईंनी उचलून तोंडात घातली.

ती गोडच होती.