काटेकोर सिग्नल

‘सर्व सुखरूप.’ प्रयोगशाळेच्या पडद्यावर कालही हीच ओळ आली होती, परवाही.

“सर, हा आमचा शार्दूल नव्हे,” अवंती म्हणाली. “मला चिडवल्याशिवाय त्याला घास जात नाही. आणि आठवडाभर नुसतं सुखरूप?”

सौरवादळाने उपग्रह निकामी केले होते. हिमनदीवरच्या छावणीत अडकलेल्या तिच्या धाकट्या भावाचा जगाशी संबंध उरला होता तो हौशी रेडिओपुरता. छावणीच्या वरच बर्फाने अडवलेला तलाव होता.

दिघे सर पुढे सरकले. “पूरक-वाचक बंद कर बघू.”

ही प्रणाली सरांनीच घडवलेली. खरखरीत बुडालेली अक्षरं ती मागच्या संभाषणावरून अंदाजाने भरून काढी. अवंतीने ती बंद करताच पडद्यावर निव्वळ अक्षरांचा चिवडा उरला.

“पण सिग्नल तर किती स्वच्छ आहे!”

“कडा कापल्यासारखा. प्रक्षेपकावर अरुंद गाळणी लावलीय त्याने?”

“मीच लावायला सांगितली. त्याचा सिग्नल शेजारच्या स्टेशनांवर सांडत होता. आम्हा हौशी रेडिओवाल्यांत तो शुद्ध अडाणीपणा. नंतर सगळ्यांनी वाहवा केली त्याची.”

“अगं, संदेश शेजारीशेजारी असलेल्या कितीतरी सुरांत वाटलेला असतो. गाळणीने कडेचे सूर कापले, त्यांच्या लगतचे उशिरा सोडले. अक्षरं एकमेकांवर चढली. उरलेलं माझ्या यंत्राने रचलं.”

“मूळ संदेश काढता येईल?”

“जे हवेत गेलंच नाही, ते कुठून काढणार?”

“मी रोज कळवत होते, तलाव फुटेल, खाली उतरा. सुखरूप आलं, मला वाटलं उतरले.”

“तुझ्या प्रक्षेपकावर कुठली गाळणी आहे?”

“तीच. आधी स्वतः लावली, मग त्याला शिकवलं.”

“आणि त्याच्याकडे पूरक-वाचक?”

“तुमचाच.”

सरांचा चेहरा उतरला. शार्दूलच्या पडद्यावर काय उमटलं असेल ते पाहायला त्यांनी तिच्या कालच्या प्रक्षेपणाची ध्वनिफीत यंत्राला दिली आणि मागचं संभाषण म्हणून शार्दूलच्या नावे टाइप केलं, ‘तलाव फुगतोय. मदत पाठवा.’

पडद्यावर अवंतीचा संदेश उमटला, ‘मदत निघाली आहे. छावणी सोडू नका.’

तिने गाळणी उपटून काढली आणि पुनःपुन्हा संदेश पाठवला. तिकडून नुसती खरखर आली.

“दुसऱ्या कुणाचं त्याने ऐकलं नसतं, सर,” ती म्हणाली. “पण ताईने सांगितलंय म्हटल्यावर तो तिथून हलणार नाही.”