नदीपलीकडची वीज

मोचिझुकी पहिल्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा माझ्या कपाळावर वेल्डिंगचा मास्क होता, गालावर काजळी होती आणि तोंडात त्याच्याच नावाची शिवी होती. सुरुवात म्हणून वाईट नव्हती.

"वेल्डिंगचं यंत्र बिघडलंय असं कळलं..." तो कमरेत इतका वाकला, की भुरभुर पाऊस त्याच्या कॉलरमधून पाठीत शिरला.

"बिघडलेलंच विकलंत. नळीला भोकं पाडतंय. आणि तापतं असं, की वर चहा होईल."

"माझ्याकडे तर शहाण्या मुलासारखं चालत होतं."

"म्हणजे माझ्या संगतीनं वाया गेलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. फसवणारी माणसं इतकी लाल होत नाहीत, असा माझा अंदाज. अनुभव नाही.

त्यानं यंत्र टेम्पोत घातलं आणि फुजी नदी ओलांडून शिमिझुला, आपल्या दुकानात नेलं. आठवड्यानं परत आणलं, वर माफीदाखल सुकवलेली गुलाबी कोळंबी. तिकडे म्हणे उत्तम चाललं. इकडे सुरू केलं, तर पुन्हा तीच घरघर, तीच भोकं. पुन्हा टेम्पो, पुन्हा नदी, पुन्हा कोळंबी.

"यंत्राचं राहू दे," बाबा म्हणाले, "कोळंबी झकास आहे."

बाबांना थट्टा सुचत होती, मला नाही. सार्वजनिक स्नानगृहाच्या पायऱ्यांचा कठडा हे माझं एकटीचं पहिलं काम. बाबांचे डोळे आता कामाचे राहिले नव्हते. मला हे जमलं नाही, तर वर्कशॉप पाडून तिथे पार्किंग करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या गल्लीत माणसं कमी होत चाललीत, त्यांच्या गाड्या मात्र नाहीत.

तिसऱ्या खेपेला मोचिझुकीनं यंत्र नेलं नाही. पेटीला कान लावून, डोळे मिटून तो नुसता बसून राहिला. यंत्राकडे बघणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. यंत्राचं ऐकून घेणारा हा पहिलाच. लोखंडी पेटीचा मला चक्क हेवा वाटला.

"हा आवाज... माझ्याकडे नसतो. धाप लागल्यासारखं करतंय."

"रंग कोणी दिला याला?"

"मीच. दोन हात. वापरलेली वस्तू तशीच द्यायची म्हणजे... बरं दिसत नाही."

सभ्यपणाच्या भरात त्यानं माहितीची पट्टीही रंगवून टाकली होती. मी पटाशी घेतली आणि खरवडायला लागले. रंगाखालून आकडा वर आला – साठ हर्ट्झ.

त्यानं आकड्यावरून बोट फिरवलं आणि नदीच्या दिशेनं बघितलं.

नदीपलीकडे वीज सेकंदाला साठ वेळा धडधडते, अलीकडे पन्नास. शाळेत शिकवतात. पण हल्ली घरातलं सगळं दोन्हीकडे चालतं, म्हणून सगळे विसरतात, यंत्रं विकणाराही. एकच नदी... आणि तिच्या दोन काठांना वेगवेगळं काळीज! मी या नदीकाठी जन्मले, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी.

"इकडची वीज सावकाश आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तिच्यासाठी तारेचे वेढे वाढवावे लागतील. सगळं उकलून नव्यानं गुंडाळायचं. वेळ लागेल."

"लागू दे."

रविवारी तो वेढे मोजत वेटोळं फिरवत होता आणि मी तांब्याची तार ताणून धरली होती.

"इतकं ओढू नका–"

"ढिली सोडली तर तेही बोलाल."

"तुम्ही बोललात की माझा आकडा चुकतो."

"बरं, गप्प बसते."

"...बघितलंत तरी चुकतो."

त्यानं एक अख्खा थर उकलला. वर्तमानपत्रामागून बाबा खोकले.

"एकदा असं गुंडाळलं," मी विचारलं, "की हे तुमच्याकडे नीट चालणार नाही ना?"

"नाही. ते आता इकडचंच."

संध्याकाळी बटण दाबलं. घरघर नाही, धाप नाही. झोपलेल्या मांजराइतकी गुरगुर. मी एक जोड करून बघितला. तो निवल्यावर बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला, आत गेले आणि जागा देत नाही म्हणून सांगायला पार्किंगवाल्याला फोन लावला.

मी कठड्याला हात घातला. मोचिझुकीनं बाबांचा मास्क चढवला. काळ्या काचेमागे जग विझलं... आणि त्या अंधारात एवढासा सूर्य उगवला. त्याच्याखाली लोखंड पाण्यासारखं हलत होतं.

"मी फक्त ठिणगी पडते की नाही, एवढंच बघत आलो," तो म्हणाला. "हे असं... शेवटपर्यंत कधी बघितलंच नाही." मग जोड अर्ध्यावर आला. "चिझुरुसान, आता मला यायला निमित्त उरलं नाही. मला तुम्ही आवडता. माझ्याबरोबर... म्हणजे, कृपया–"

जोड मध्येच तोडला तर व्रण राहतो, आणि त्या कठड्याला म्हाताऱ्या बायका धरणार होत्या. मी हात हलू दिला नाही. कसा, ते मलाही ठाऊक नाही. टोकापर्यंत गेले, मास्क वर केला, वरची खपली ठोकून काढली, खाली सरळ चंदेरी रेघ निघाली. मग त्याच्याकडे बघितलं. त्याचा मास्क खालीच होता.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"मास्क काढा आणि पुन्हा म्हणा."

"आतून सोपं होतं..."

"म्हणून तर."

त्यानं मास्क काढला. शब्दन्शब्द पुन्हा म्हणाला आणि कमरेत वाकला.

"मोठ्यानं!" आतून बाबा ओरडले. "फोनवर आहे, ऐकू आलं नाही!"

बिचारा तिसऱ्यांदा म्हणाला. माझं 'हो' एकदाच झालं, पण पार्किंगवाल्यालासुद्धा ऐकू गेलं.